चित्राच्या कडेला

माझ्या मेजावरील एका पुस्तकात 'वर्क', म्हणजे 'श्रम', या इंग्रजी चित्राची छापील प्रत आहे. चित्रकार फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील गजबजलेला रस्ता त्यांनी 1852 साली रंगवावयास घेतला आणि 1865 साली चित्र लोकांपुढे मांडले. मूळ चित्र मँचेस्टरच्या कलादालनात आहे.

भर उन्हात मजूर रस्ता खणीत आहेत. चित्राचा मध्य त्यांचा. घोड्यांवरून आलेले श्रीमंत मागे अडून राहिले आहेत. पुढे आईवेगळी मुले. तान्ह्याच्या अंगावर शोकाची काळी फीत. डाव्या कडेला एक बाई मजुरांना धर्मपत्रके वाटते. उजव्या कडेला कठड्यापाशी दोघे नुसते पाहत उभे आहेत : विचारवंत थॉमस कार्लाईल आणि धर्मोपदेशक एफ. डी. मॉरिस. चौकटीवर बायबलमधील वचने आहेत. निढळाच्या घामाने भाकर खाण्याचे उत्पत्तीच्या पुस्तकातील वचन त्यांपैकीच.

या चित्रात मी कोठे आहे, हे मला पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात कळले. पावसाळ्याचे दिवस होते. गोण्यांचे ढीग, मालमोटारींचे भोंगे, शेतकरी, व्यापारी, हमाल. मरियामातेच्या नोव्हेनाची पत्रके घेऊन मी गेलो होतो. आमच्याच धर्मग्रामातील एक हमाल भेटला. मी पत्रक पुढे केले. त्याचे दोन्ही हात पाठीवरच्या गोणीला होते.

"फादर, खिशात ठेवा," तो म्हणाला.

खिसा घामाने भिजलेला होता. माझ्या बोटांदेखत कागद ओला झाला. त्यावर प्रार्थनेची वेळ छापली होती : सायंकाळी सहा. नेमकी गाड्या भरण्याची वेळ.

त्या रात्री पुस्तक उघडले. डावीकडची ती बाई मीच होतो. उजवीकडे पाहत उभा असलेलाही मीच. मधल्या खड्ड्यात मी कोठेच नव्हतो. नासरेथच्या सुताराला मात्र तेथेच शोधावे लागले असते. मिस्सेत भाकर अर्पण करताना ती मानवी कष्टाचे फळ आहे, असे मी रोज म्हणतो. कोणाचे कष्ट, हे कधी विचारले नव्हते.

नोव्हेना आम्ही रात्री, गाड्या गेल्यावर ठेवली. पहिल्याच रात्री तो आला, मागच्या बाकावर बसला आणि दुसऱ्या गीतापर्यंत झोपी गेला. मी त्याला उठविले नाही. आवाज तेवढा खाली आणला.