पंगत, प्रसाद आणि प्रभुभोजन

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवताना मी गेली अनेक वर्षे एकाच जागी घुटमळतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांत त्या धर्मतत्त्वांपेक्षा पाण्याशी, चुलीशी आणि सोवळ्याशीच अधिक झुंजल्या. जातिभेद माणसानेच निर्माण केला असे मनाने घेतले, तेव्हा कुणाच्याही हातचे अन्न त्यांना चालू लागले. हे सारे मी ‘वैचारिक परिवर्तन’ या गुळगुळीत शीर्षकाखाली सांगत आलो. त्यात घासाचे मोल किती, हे उमगायला मात्र मला एका उपासनेला जावे लागले.

आमचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. नाझरीन मिशनने १९३८ साली येथे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले. त्यामुळे ख्रिस्ती उपासना या गावाला नवी नाही. मीच तिच्यापासून दूर होतो. एका माजी विद्यार्थ्याने आग्रह केला, म्हणून शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी प्रभुभोजनाच्या विधीला जाऊन मागच्या बाकावर बसलो.

विधी साधाच होता. भाकरीचे लहान तुकडे, इवल्या पेल्यांत द्राक्षरस. रोमन कॅथलिक श्रद्धेनुसार भाकर व द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर आणि रक्तच होतात. जॉन वेस्लींच्या परंपरेतल्या या मंडळींना ती चिन्हे वाटतात, पण कोरडी चिन्हे नव्हेत, कृपा पोहोचवणारी साधने. या सहभागितेसाठी नव्या करारातला ग्रीक शब्द आहे ‘कोइनोनिया’: एकाच गोष्टीत सर्वांचा वाटा असणे. कृपेला ‘खारिस’ म्हणतात, आणि या भोजनाच्या ‘युखारिस्त’ या नावात तोच शब्द दडलेला आहे. वेस्लींच्या मते कृपा माणसाच्या आधी चालते. तो वळण्यापूर्वीच ती त्याच्यापाशी आलेली असते. लायकी सिद्ध करून मिळते ते वेतन. कृपेसाठी रिकामा तळहात पुरतो.

आपल्याला हे अगदीच परके नाही. गोपाळकाल्यात साऱ्यांच्या शिदोऱ्या एक होतात. तरीही चोखोबा पायरीशीच राहिले, आणि पंढरीचे दार सर्वांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ख्रिस्ती मंडळ्याही निर्दोष नव्हत्या. करिंथमध्ये काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना खडसावले. दक्षिण भारतातल्या चर्चमध्ये जातीनुसार बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. ती प्रथा मोडण्याचा आदेश बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ साली काढावा लागला. म्हणजे ताट एक झाले तरी मने एक होतातच असे नाही. कृपेचा अर्थ सांगणे सोपे. तिच्या पंगतीत शेजारी कोण बसले आहे हे सोसणे कठीण.

तबक माझ्यापर्यंत आले. माझी ती श्रद्धा नाही, तेव्हा तुकडा उचलणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. मी तबक शेजारच्या वृद्ध गृहस्थांपुढे धरले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, एक तुकडा घेतला आणि डोळे मिटले.

त्या क्षणी मला रिसोड तालुक्यातले आमचे घर आठवले. गोठ्याच्या वळचणीला कान तुटलेला एक कप उलटा ठेवलेला असे. शेतावर राबणाऱ्या गड्याला आजी त्यात वरून चहा ओतायची. तो पिऊन, विसळून, कप पुन्हा तिथेच पालथा घालायचा. आजी प्रेमळ होती. मी दहा वर्षांचा होतो आणि मला त्यात काही गैर दिसले नव्हते. पुढे शिकलो, चळवळींवर व्याख्याने दिली. पण तो कप मी कधीच कुणाला सांगितला नाही.

शेजारच्या गृहस्थांनी माझी जात विचारली नव्हती. माझ्या हातून आलेली भाकर त्यांनी निःशंकपणे घेतली होती. मी काहीच खाल्ले नव्हते, तरी त्या पंगतीत मला जागा मिळाली होती.

यंदा ‘स्मृतिचित्रे’ शिकवायला घेतली, तेव्हा वर्गाला आधी त्या कपाची गोष्ट सांगितली.