तळ्याचा काठ तेवढा राहू दे

चि. बाळ,

गावतळ्याच्या सुशोभीकरणाला पैसे मंजूर झाले हे वाचून आनंद झाला. गाळ जरूर काढा. पण श्रावणातच काठ साफ करून दगडी पिचिंग करणार, असं लिहिलं आहेस. त्यावर मात्र आत्या आज तुझ्याशी भांडणार आहे, तेही काठावरच्या बदकांसाठी.

आपल्याकडे बदकं म्हटली की लोकांना नांदूर मध्यमेश्वर आठवतं, तेही थंडीतलं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ती. आहेच तसं देखणं. पण तिथली तलवार बदकं, थापटे उन्हाळा लागता लागता उत्तरेकडे निघून जातात, घरटी तिकडेच करतात. आपल्या मुलखात अंडी घालतात ती इथली बारमाही बदकं, आणि तीही मुख्यतः पावसाळ्यात, दुर्बीण घेऊन कुणी फिरकत नाही तेव्हा.

हळदीकुंकू बदक तू पाहिलं आहेस, चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. त्याची मादी पाण्याजवळच्या दाट गवतात जमिनीवरच खळगा करते. त्यात वाळकं गवत, वर स्वतःच्या छातीची उपटलेली मऊ पिसं. अंडी साधारण सात ते नऊ. तीन-साडेतीन आठवडे एकटी उबवते. पोटासाठी उठायची वेळ आली की तीच पिसं अंड्यांवर ओढून मग बाहेर पडते. वरून कावळ्याला काही दिसू नये म्हणून ही काळजी. पण मग ती ग्रासकटरवाल्या माणसालाही दिसणार नाहीत, एवढं लक्षात घे.

पिल्लं अंगावरची लव वाळली की दिवसाभरात आईमागून पाण्यात उतरतात. त्यांना उतरता, चिखलाचा काठ लागतो. उभ्या दगडी भिंतीवरून ती एकवेळ खाली पडतील, पण विश्रांतीला परत वर कशी येणार? मोठ्यांनाही आडोसा हवाच. वर्षातून एकदा त्यांची उडायची पिसं एकदम झडतात, काही आठवडे उडताच येत नाही. त्या दिवसांत पाणकणसाच्या बेटात शिरण्यावाचून दुसरा उपाय नसतो. तुम्ही ज्याला घाण म्हणता ते हेच.

बांधावरचा तो पोकळ आंबाही तोडायच्या यादीत आहे म्हणे. अडई आणि नकटा ही बदकं झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. अडई तर कधी बगळ्याचं जुनं घरटंही चालवून घेते. ढोलीतली पिल्लं उंचावरून सरळ खाली उडी टाकतात आणि हलकी असल्यामुळे सहसा सुखरूप उतरतात. अमेरिकेत वुड डक नावाचं असंच ढोलीत राहणारं बदक बेसुमार शिकारीने आणि जुनी झाडं तुटल्याने संपत आलं होतं. शिकारबंदी झाली, १९३०च्या दशकापासून लोकांनी लाकडी पेट्या टांगायला सुरुवात केली, आणि ते पुन्हा वाढलं. आपल्याकडे आंबा अजून उभा आहे, तर पेट्यांची वेळ कशाला आणायची?

तेव्हा एवढं कर. ठेकेदाराला सांग, काठाचं काम दिवाळीनंतर. पायवाट आणि दगड गावाकडच्या बाजूला घ्या, पलीकडचा काठ आहे तसाच राहू दे. मोकाट कुत्र्यांसाठी तिकडे काटेरी कुंपण घाला. मुलांनाही सांग, अंडी उचलणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ग्रामसभेत कुणी अडवलं तर मला कळव, मी स्वतः येऊन बोलेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या