खिलारांच्या दावणीला

माणदेशचा उन्हाळा चित्रकारांच्या आवडीचा नव्हे. आमच्या वेळी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली मुलं निसर्गचित्रांसाठी वाईचे घाट गाठायची, नाशिकला गोदाकाठी मांडी ठोकायची. तिथं पाणी, दगडी पायऱ्या, देवळांची शिखरं आणि त्यांची हलती प्रतिबिंबं. आटपाडीकडच्या माळावर यातलं काही नाही. वैशाखात माणगंगेत नुसती वाळू. झाड म्हणजे बाभूळ, नाहीतर लिंब. सकाळचे नऊ वाजले की साऱ्या माळावर एकसारखं भगभगीत ऊन. तरी मला रंग कळायला लागले ते तिथंच, १९७७च्या सुट्टीत, मामाच्या परड्यात.

आजोळ आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर. मुरमाड रान, खोल विहीर, घराला लागून परडं आणि परड्यात जनावरं. बहात्तरच्या दुष्काळात मामाची दावण रिकामी झाली होती. वैरण संपली तशी एकेक जनावर गेलं. त्या दिवसांबद्दल मामा बोलत नसे. पुढं पाऊसपाणी बरं झाल्यावर त्यानं खरसुंडीच्या बाजारातून खिलार जातीची दोन खोंडं आणली, वाढवली, औताला शिकवली. मी गेले तेव्हा ती भरात आलेली जोडी होती, पाखऱ्या आणि हरण्या. शिवाय एक गाय, तिचं नुकतं जन्मलेलं वासरू, मामीच्या शेळ्या, आणि मामाचा लाडका माडग्याळी मेंढा: उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. खिलार वासराच्या माथ्यावरचे केस जन्मतः तांबूस असतात आणि दोनेक महिन्यांत ती झाक निघून जाते. त्या सुट्टीत मी तो तांबूसपणा फिका होत जाताना रंगवत राहिले. माझ्या वहीत त्याची पानंच्या पानं आहेत.

मामा अंधारातच उठायचा. कंदील खुंटीला अडकवून गव्हाणीत कडबा टाकायचा. बैलांच्या तोंडाखाली कडबा मोडल्याचा आवाज यायला लागला की मी अंथरुणातून उठून वही घ्यायची. उजाडता उजाडता नांगर रानात, आणि ऊन तापायच्या आत जोडी परत लिंबाखाली. चित्राच्या वेळाही मग जनावरांच्या वेळांना बांधल्या गेल्या. दुपारी रंगाचं नावच नको. वॉश कागदावर पसरायच्या आत वाळायचा, त्याच्या कडा उमटून राहायच्या. कागदाखाली ओलं फडकं अंथरून मी त्यावर उपाय केला, पण फडकं ओलं करायलाही पाणी लागतं, आणि पाणी मामीच्या डोक्यावरून यायचं. आधी जनावरांचं, मग माणसांचं, उरलं तर माझ्या ब्रशाचं, असा घरचा नेम होता. मामीनं कधी नाही म्हटलं नाही. रंगाचं पाणी मी शेवटी लिंबाच्या बुंध्याशी ओतायची.

पहिल्या दिवशी वही उघडून बसले, तर मामानं ती मिटायला लावली.

“आधी हात फिरीव,” म्हणाला. “मग काढ.”

त्यानं माझा हात धरून पाखऱ्याच्या कपाळावर ठेवला. खिलाराच्या कपाळाच्या मधोमध एक उभी खोबण असते, ती बोटाला लागली. तिच्यावरून हात वर नेला की शिंगांची बुडं, जवळजवळ उगवलेली. शिंगं आधी मागं जातात, मग बाक घेऊन वर चढतात. मानेवर जू बसतं ती जागा राठ, केस झडलेली. तिच्यामागं वशिंड, हाताखाली हलणारं. गळ्याखालची पोळी आटोपशीर, गीर गाईची लोंबते तशी खिलाराची लोंबत नाही. मग फऱ्याचं रुंद हाड, बरगड्या, आणि सगळ्या अंगावर ताणून बसवलेलं कातडं. माशी बसली की तेवढाच तुकडा थरथरायचा, बाकीचा बैल निवांत. जे. जे.त अ‍ॅनाटॉमीच्या तासाला हाडांची नि स्नायूंची नावं घोकली होती. त्या नावांखाली रक्त आणि ऊब असते, हे त्या सकाळी तळहाताला कळलं.

“जू कुठं बसतंय ते दिसलं पायजे,” मामा म्हणाला, “न्हायतर त्यो बैल न्हवं, नुसतं जित्राब.”

एवढं नेमकं टीकावाक्य मला पुढं कुठल्याही प्रदर्शनात ऐकायला मिळालं नाही.

आता पांढऱ्या रंगाबद्दल. खिलार पांढरा असतो असं आपण सहज म्हणून जातो. सकाळी सातच्या उन्हात हरण्या लिंबाबाहेर उभा असायचा तेव्हा त्याच्या पाठीवर आभाळाची निळी झाक उतरलेली असे. सावलीतली बाजू जांभळट. पोटाखाली काळोख असेल असं वाटावं, तर तिथं तांबूस उजेड, खालच्या मुरमावरून वर उसळलेला. पायांच्या आतल्या अंगाला तो उजेड गुडघ्यापर्यंत चढायचा आणि गुडघ्याच्या वाटीपाशी अचानक थांबायचा. मग मी पोटाला बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ हात द्यायची, पाठीला कोबाल्ट, सावलीला अल्ट्रामरीनमध्ये किंचित क्रिमसन. खरा पांढरा उरायचा तो दोनच ठिकाणी, पाठीच्या कण्यावर आणि शिंगाच्या उन्हाकडच्या कडेवर. तिथं रंग लावायचाच नाही, कागद तसाच सोडायचा. पारदर्शक जलरंगात पांढरा राखून ठेवतात, हे आमच्या गुरुजनांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ते पटलं परड्यात. संध्याकाळी गुरं परतताना धुरळा उठला की तोच हरण्या पिवळसर व्हायचा, यलो ऑकरशिवाय हात हलत नसे. पाखऱ्या मुळातच काजळी वळणाचा, मानेवर नि वशिंडावर करडी छाया. त्याच्या करड्यात प्रत्येक प्रहरी नवी भर पडायची.

एकदा भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रांपुढं मामी भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनीच उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, “ह्यो सकाळचा पाखऱ्या, व्हय ना?” चित्रात झाड नव्हतं, सूर्य नव्हता, काहीच नव्हतं, नुसता बैल. मामीनं अंगावरच्या रंगावरून वेळ ओळखली होती. पुढं आयुष्यात माझ्या चित्रांना बक्षिसं मिळाली, छापून आलं. मामीच्या त्या प्रश्नाएवढा आनंद त्यातल्या कशानं झाला नाही.

जनावर पोझ देत नाही. म्हणून एका कागदावर मी चार-पाच रेखाटनं एकदमच सुरू करायची. बैलानं मान वळवली की दुसऱ्या रेखाटनाकडं, शेपटी उडवली की तिसऱ्याकडं. तो पुन्हा पहिल्या ठेवणीत येतोच, आपण वाट बघायची. रवंथ करणारं जनावर सर्वांत दयाळू. पुढचे पाय दुमडून बसलं की अर्धा-पाऊण तास आपलाच. उठताना मात्र बैल आधी मागचा भाग उचलतो, घोडा पुढचे पाय टेकवून उठतो. हा फरक नजरेत बसला तो तिथल्याच बैठकीत.

आपल्या चित्रकलेला बैल नवा नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दोन बैल झुंजताना रंगवले आहेत. त्यांच्या मानांचा जोर बघितला की वाटतं, त्या अनाम चित्रकारानं बैलाच्या मानेवरून हात फिरवलेला असणार. ना. श्री. बेंद्र्यांनी गुरं, बैल, गावाकडची माणसं किती वेळा रंगवली! त्यांच्या बैलांकडं मी पूर्वी रंगसंगतीसाठी बघायची. आता आधी बैल बघते.

त्या सुट्टीतला सर्वांत मोठा दिवस खरसुंडीचा. सिद्धनाथाची चैत्री यात्रा, देवळापाशी गुलाल-खोबऱ्याची उधळण, आणि बाहेर माळावर खिलारांचा बाजार. आमच्याकडच्या बायका यात्रेला जात, नारळ वाढवून परत येत. बाजाराच्या बाजूला बाईमाणूस क्वचितच. मामा मला घेऊन थेट दावणींमधून हिंडला. “भाची हाय. चित्रं काढती,” एवढंच सांगायचा. माणसं सरकून जागा करायची, कुणी बसायला घोंगडं टाकायचं. नजर पोचेल तिथवर पांढरी जनावरं, घोटून तुकतुकीत केलेली शिंगं, वशिंडांवर गुलालाचे पंजे. गुलाल पांढऱ्यावर पडला की त्याच्या कडेला तो पांढरा किंचित हिरवट दिसतो, हे मी तिथं पाहिलं आणि लगेच कागदावर उतरवलं. शेजारी जबडे उघडून दात बघणं चाललेलं: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. हातावर उपरणं टाकून बोटांनी भाव ठरत होते. मामा मात्र जनावर चालवून दाखवायला सांगायचा आणि जमिनीकडं बघत राहायचा. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडला पाहिजे, पुढं गेला तर सोनं.

फ्रान्समध्ये रोझा बॉन्हर नावाची चित्रकर्ती होऊन गेली. तिनं १८४९ साली रंगवलेले नांगर ओढणारे बैल आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. जनावरांच्या बाजारात रेखाटनं करता यावीत म्हणून तिला पुरुषी विजार घालायची होती, आणि त्या काळी बाईला तिथं त्यासाठी पोलिसांचा परवाना काढावा लागे. तिनं तो काढला. हे मी फार पुढं वाचलं, आणि वाचताना मामाची आठवण आली. माझा परवाना तोच होता.

ज्येष्ठ लागायच्या सुमाराला वळीव झाला. पश्चिमेकडं गेलेले धनगर मेंढरं घेऊन परतायला लागले, माळावर सांजेला मेंढरांभोवती जाळ्यांच्या वाघरी लागल्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी मुंबईत वाचली होती. तिची माणसं कुठून आली ते आता दिसत होतं. माडगूळकर स्वतः चित्रंही काढत, याचं मला त्या संध्याकाळी विशेष वाटलं.

मी मुंबईला परतताना मामा औंधपर्यंत पोचवायला आला. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात, त्यामुळं पंतप्रतिनिधींचं नाव घरात आदरानं घेतलं जाई. बाळासाहेब पंत स्वतः चित्रकार. यमाईच्या डोंगरावर १९३८ साली त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. माझा धोतर-पटक्यातला मामा एकेका चित्रापुढं हात मागं बांधून उभा राहिला. शाळा त्याची चौथीत सुटली होती. पण बघायची सवय होती, आणि तिथं तीच लागते. बाहेर पडताना एवढंच म्हणाला, “ह्या मानसांनी लई बगितलंय.”

मामा-मामी आता नाहीत. टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडीकडं पोचलं, माळावर डाळिंबाच्या बागा उठल्या, नांगरटीला ट्रॅक्टर आले. औताचा बैल घटला, आणि खिलार टिकला तो बराचसा बैलगाडा शर्यतींच्या जोरावर. २०१४मध्ये त्यांवर बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या, २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं त्या मान्य केल्या. शर्यतीचा बैल देखणाच असतो. पण मानेवर जुवाची राठ जागा असलेला, रान नांगरलेला खिलार रंगवायचा असेल, तर आता शोधावा लागतो.

म्हणून कला शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मोबाइलमधल्या फोटोवरून बैल काढू नका. येत्या चैत्रात आटपाडीला उतरा, तिथून खरसुंडीला जा. कागद, थोडे रंग आणि पाण्याची बाटली एवढं पुरे. मालकाला विचारा, आणि वही उघडायच्या आधी जनावराच्या मानेवरून हात फिरवा.