साडेतीनशे रुपयांचा दुभाष्या

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एखाद्या वस्तूची किंमत सहज म्हणून विचारू नये. तो उलट विचारतो, "कोणती किंमत? खरेदीची, बाजारातली की वहीतली?" आमच्या घरी साडेअठरा इंची एक मॉनिटर आहे. २०१४ साली तो सहा हजारांना घेतला. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे अशा उपकरणाचे आयुष्य ३ वर्षांचे. आयकराच्या ४० टक्के दराने घसारा काढत गेले, तर दहा वर्षांनी त्याची वहीतली किंमत सुमारे ३६ रुपये उरते. भंगारवाला कदाचित थोडे जास्त देईल. अशी ही मृत मालमत्ता जुन्या चादरीत गुंडाळून आमच्या माळ्यावर पडली होती.

माझे वडील बेळगावच्या रविवार पेठेतील चार-पाच व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. गेल्या वर्षी एका महिन्याच्या १४ तारखेला त्यांच्या लॅपटॉपचा पडदा काळा पडला. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेच्या आत भरावे लागते. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क. पण ती रक्कम मोठी नव्हे. "दिवाणजींनी तारीख चुकवली," हे पेठेत एकदा बोलले गेले की ते वाक्य कोणत्याही शुल्काने पुसता येत नाही. पडदा बदलण्याचे साडेपाच हजार सांगितले गेले, आणि तोही आठ दिवसांनी मिळणार. बाबा शांतपणे म्हणाले, "पडदाच गेलाय ना? डोकं शाबूत आहे." लॅपटॉप खरोखरच आतून चालू होता. मग मला माळ्यावरचा मॉनिटर आठवला.

मॉनिटर खाली आला आणि घोडे अडले. त्याच्या पाठीला निळे, तीन ओळींत १५ छिद्रांचे व्हीजीएचे तोंड, तर लॅपटॉपच्या कुशीला एचडीएमआयचे चपटे तोंड. व्हीजीए ही १९८७ सालची आयबीएमची पद्धत. एचडीएमआयचा पहिला आराखडा २००२ चा. २०१० मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी मिळून पाच वर्षांत व्हीजीएला निरोप देण्याचे जाहीरही केले होते. पण कंपन्यांनी निरोप दिला म्हणून माळ्यावरचे मॉनिटर कुठे जातात?

आमच्या गल्लीतील एका पॉलिटेक्निकच्या मुलाने मला या दोन तोंडांतील भांडण समजावून सांगितले. व्हीजीएच्या तारांतून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे वाहतात. ज्या रंगाचा दाब जास्त तो रंग अधिक उजळ. शून्य म्हणजे काळोख, आणि ०.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण तेज. ओळ कुठे संपली आणि चित्र कुठे संपले हे सांगायला आणखी दोन तारा. एचडीएमआयमध्ये मात्र असा चढउतार नसतो. तिथे सगळे चित्र शून्य आणि एकच्या आकड्यांत लिहून पाठवले जाते. तेव्हा नुसती तारेला तार जोडून भागत नाही. मध्ये आकडे वाचून त्यांचा दाब बनवणारी एक चिप बसावी लागते. ही चिप ज्यात असते तो कन्व्हर्टर.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून मी बाजारात निघाले. पहिल्या दुकानात एका टोकाला हे तोंड आणि दुसऱ्या टोकाला ते तोंड असलेली साधी वायर पुढे आली. दीडशे रुपये. "चालतंय की, घेऊन जावा!" मी दुकानातच लावून दाखवायला सांगितले. चालले नाही. दुसऱ्या दुकानात डबी होती, पण तिच्यावरचा बाण उलटा होता: व्हीजीएकडून एचडीएमआयकडे. ते दाखवल्यावर दुकानदार म्हणाले, "जायची वाट तीच यायची वाट न्हवं काय?" रस्त्याच्या बाबतीत हे खरे आहे, चिपच्या बाबतीत नाही. तिसऱ्या ठिकाणी अठराशे रुपयांचा, सात-आठ तोंडांचा एक डबा "पुढं उपयोगी पडंल" म्हणून दाखवण्यात आला. पुढच्या उपयोगासाठी आज भांडवल अडकवू नये, एवढे तर आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

शेवटी एका जिन्याखालच्या दुरुस्तीच्या दुकानात वयस्क गृहस्थ भेटले. त्यांनी माल दाखवण्याआधी कानडीत विचारले, "याव कडेयिंद, याव कडेगे?" कोणीकडून, कोणीकडे? दिवसभरात हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मीही कानडीतच उत्तर दिले. त्यांनी अंगठ्याएवढी डबी काढली आणि आपल्या जुन्या मॉनिटरला जोडली. चित्र आले, आणि दोन मिनिटांत लुकलुकू लागले. त्यांनी डबीच्या कुशीतून निघालेली बारीक यूएसबीची तार लॅपटॉपमध्ये खोचली आणि हसून म्हणाले, "तंगी, इदक्कू ऊट बेकु." यालाही जेवण लागते! एचडीएमआयच्या तोंडातून ५५ मिलिअँपिअर एवढ्याच विजेची हमी असते. काही चिपांचे पोट तेवढ्यात भरत नाही. आवाजाची सोय असलेली डबी साडेचारशेला होती, नसलेली साडेतीनशेला. व्हीजीएतून आवाज जात नाही. पण लॅपटॉपचे स्पीकर धड होते आणि हिशेबाला संगीत लागत नाही. साडेतीनशेतच काम झाले.

घरी आल्यावर विंडोजच्या कळीबरोबर 'पी' दाबून चित्र बाहेरच्या पडद्यावर पाठवले. अक्षरे जराशी पसरट दिसली, तेव्हा मापन १३६६ बाय ७६८ वर आणून मॉनिटरवरचे 'ऑटो' बटन दाबले. चित्र चौकटीत बसले. बाबांनी चष्मा पुसला आणि काही न बोलता वही उघडली. १९ तारखेच्या संध्याकाळी शेवटचे विवरणपत्र गेले.

त्या चार रात्री मी त्यांच्या शेजारी बिले वाचून दाखवत बसले. बिल कानडीत, त्यावर व्यापाऱ्याने केलेली खूण मराठीत, आणि भरायचे इंग्रजीत. बाबा एकदाही अडखळले नाहीत. मराठी शाळेत 'नावे' आणि 'जमा' शिकून आलेली मी, कॉलेजच्या पहिल्या वर्षी 'डेबिट' आणि 'क्रेडिट' म्हणताना कित्येक महिने मनात क्षणभर थांबत असे. तो क्षण बाबांच्या बोटांत दिसत नव्हता. दहावीनंतर पेढीवर बसून, बोलणी खाऊन त्यांनी कानडी शिकली आणि चाळिशीनंतर टॅली. व्यापारी त्यांना लिहिण्याचे पैसे देतात. रूपांतराचे कोणी देत नाही, कारण ते होताना दिसत नाही.

आमच्या सीमाभागात दोन भाषा येणाऱ्याचे कोणाला कौतुक नसते. मलाही ते दोन तोंडांच्या वायरीसारखेच वाटे: इकडे हे, तिकडे ते, झाले. पण ती दीडशेची वायर काळोखच दाखवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मध्ये कोणीतरी एकीकडचे नीट समजून घ्यावे लागते, ते दुसरीकडच्या रीतीने नव्याने मांडावे लागते, आणि तसे करणाऱ्याचे पोटही भरावे लागते. पुढच्या वर्षी मी पदवीधर होईन. बाबांच्या कामाचा दर ठरवायला व्यापाऱ्यांपुढे मी बसणार आहे आणि त्या पत्रकात रूपांतराची ओळ वेगळी दाखवणार आहे. रक्कम किती लावायची, हे मात्र बाबांनाच विचारीन. ते नेहमीप्रमाणे कमी सांगतील. तेव्हा घासाघीस मला घरातूनच सुरू करावी लागेल.