विंपोल स्ट्रीट ते व्हाइटचॅपेल

लंडनला गेलेला पर्यटक राजाचा राजवाडा पाहतो, टॉवर ब्रिजवर छायाचित्रे काढतो आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खरेदी करून परततो. त्याच ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या उत्तरेला, गर्दीपासून थोड्याच अंतरावर, विंपोल स्ट्रीट हा शांत रस्ता आहे. शेजारचा हार्ले स्ट्रीट डॉक्टरांचा रस्ता म्हणून जगभर प्रसिद्ध. विंपोल स्ट्रीटचीही ओळख तीच. येथील ३७ क्रमांकाचा पत्ता पर्यटकांच्या यादीत नसतो. पण पुणे, नागपूर, सांगलीच्या कित्येक दंतवैद्यांना तो पाठ असतो, कारण तेथे जनरल डेंटल कौन्सिलचे कार्यालय आहे. ब्रिटनमध्ये कोणाच्या हाती दातांचे औजार द्यायचे, हे या संस्थेची नोंदवही ठरवते.

ही नोंदवही उगीच आलेली नाही. एके काळी तिकडेही न्हावी आणि लोहार दात उपटत असत. १८७८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंद सुरू झाली आणि १९२१ च्या कायद्याने नोंद नसलेल्यांना या व्यवसायाचे दार बंद झाले. रोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते.

पाटी पुन्हा कोरी

आपल्याकडे बी. डी. एस. व्हायला इंटर्नशिप धरून पाच वर्षे लागतात. नंतर कोणी स्वतःचा दवाखाना थाटतो, दहा-दहा वर्षे रोगी तपासतो. लंडनमध्ये मात्र त्याची पाटी कोरी! बहुतेक युरोपीय देशांच्या पदव्या परीक्षेविना स्वीकारल्या जातात. भारतीय पदवीला ती सवलत नाही. आधी इंग्रजीची परीक्षा द्यायची आणि मग २००७ पासून सुरू असलेली ‘ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन’, म्हणजेच ओ. आर. ई.

तिचा पहिला भाग लेखी. दुसरा भाग हातांचा आणि जिभेचा. रबरी गाल आणि प्लॅस्टिकचे दात असलेल्या कृत्रिम डोक्यावर तीन तास काम करायचे. पुढे नटच रोगी होऊन समोर बसतात. एकाला दाढ का काढावी लागणार हे समजावायचे, दुसऱ्याची भीती घालवायची, तिसऱ्याची तक्रार शांतपणे ऐकायची. ठरलेला वेळ संपला की पुढच्या टेबलावर जायचे. रोगी एकाएकी कोसळला तर काय कराल, हेही पुतळ्यावर करून दाखवावे लागते.

आपल्याकडे “आ करा, जरा दुखेल हं” एवढ्यावर भागते. तेथे रोग्याला सगळे पर्याय सांगून त्याची संमती घेतल्याशिवाय गुण मिळत नाहीत. अनेक अनुभवी मंडळी दातापाशी नव्हे, या बोलण्यापाशी अडखळतात. ही शिस्त मात्र आपणही उचलावी अशीच आहे.

दहा मिनिटांचे अंतर

या दुसऱ्या भागाच्या परीक्षा अनेक वर्षे पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपेलला, रॉयल लंडन रुग्णालयाच्या परिसरात झाल्या. बाँड स्ट्रीटहून एलिझाबेथ लाइनच्या गाडीत बसले की दहा-बारा मिनिटांत व्हाइटचॅपेल येते. बाहेर आले की जगच बदलते. स्थानकाच्या पाटीवर इंग्रजीसोबत बंगाली अक्षरे आहेत. ती २०२२ मध्ये लागली. रस्त्याच्या कडेला बाजार भरतो. तेथे भेंडी, कारली, आंबे, साड्यांचे तागे सारे काही मिळते. क्षणभर आपण दादरच्या मंडईत आलो की काय, असे वाटते. समोरच १७५७ पासून या रस्त्यावर असलेल्या रुग्णालयाची जुनी वास्तू दिसते. आता तेथे नगरपालिकेचे कार्यालय आहे आणि मागे नवे रुग्णालय उभे आहे.

विंपोल स्ट्रीट ते व्हाइटचॅपेल हे गाडीचे अंतर असे चुटकीसरशी संपते. उमेदवाराला मात्र ते कापायला वर्षे लागतात, कारण जागाच अपुऱ्या! २०२४ मध्ये दुसऱ्या भागाच्या एका फेरीत १४४ जागा होत्या आणि वाट पाहणारे हजारो होते. शुल्क चार हजार पौंडांच्या वर, म्हणजे आपले चार लाखांहून अधिक रुपये. प्रत्येक भागाला चारच संधी, आणि पहिल्या भागाला प्रथम बसल्यापासून पाच वर्षांत सारे आटपायचे. करोनामुळे २०२० मध्ये परीक्षा थांबल्या, त्या २०२२ पर्यंत. घड्याळ मात्र चालूच होते. शेवटी २०२३ मध्ये कायदा बदलला, तेव्हा अडकलेल्यांना मुदतवाढ मिळाली.

तोवर ही माणसे काय करतात? कित्येकजण ईस्ट हॅम, इलफर्डकडे भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात आणि दवाखान्यात साहाय्यक म्हणून नोकरी धरतात. गावी ज्यांच्या हातात ड्रिल असे, ते येथे दुसऱ्याच्या रोग्याच्या तोंडात लाळ ओढणारी नळी धरून उभे राहतात. कामात कमीपणा नाही. पण दंतवैद्याची विद्या बोटांत असते आणि वापर नसला की बोटे विसरतात.

दाराच्या दोन्ही बाजूंना रांग

गंमत, खरे तर दुःख, असे की दाराच्या आतल्या बाजूलाही रांग आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एका दवाखान्याने सरकारी योजनेतील रोग्यांची नोंदणी सुरू केली, तेव्हा शेकडो माणसे रस्त्यावर उभी राहिली आणि पोलिसांना यावे लागले. इकडे दुखरी दाढ घेऊन थांबलेला रोगी, तिकडे परीक्षेच्या जागेसाठी थांबलेला दंतवैद्य. चाळण हवीच, पण तिची भोके इतकी थोडी असतील तर पीठ बाहेर पडणार कसे?

परक्यांना नावे ठेवण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले पाहिजे की परदेशातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन येणाऱ्या भारतीयालाही आपल्याकडे चाळणी परीक्षा द्यावी लागते. आपल्या दाढेची काळजी आपल्यालाही आहेच की!

म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी, सून किंवा जावई या वाटेने निघणार असेल, तर केवळ शुल्क आणि विमानाचे तिकीट यांचा हिशेब पुरत नाही. वाट पाहण्याची वर्षेही खर्चात धरावीत. आणि जागा मिळेपर्यंत गावचा दवाखाना बंद करू नये. तेथील रोगी फी थोडी देतील, पण बोटांचा सराव सुटणार नाही.