तळहातावरचा उजेड

माझ्या मुलीच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप आहे. फिल्मचा वेग आणि अ‍ॅपर्चर भरायचे, फोन समोर धरायचा. त्याचा कॅमेरा उजेड मोजतो आणि शटर किती ठेवायचे ते सांगतो. अब्बांची जुनी यशिका तिने बाहेर काढली तेव्हा हे अ‍ॅप लागले. त्या कॅमेऱ्यात मीटर नाही आणि अब्बांचे हातातले सेलेनियमचे मीटर केव्हाच मंदावले आहे. एका रोलवर फोटो बाराच निघतात. रोलची आजची किंमत ऐकली असती तर अब्बांनी स्टुडिओ उघडलाच नसता!

लख्ख उन्हात अब्बांना मीटरही लागत नसे. अ‍ॅपर्चर १६ आणि फिल्म १२५ ची असली तर शटर सेकंदाचा १२५ वा भाग. हा हिशेब जगभरच्या फोटोग्राफरांचा आहे. विरळ ढग आले की ११, आभाळ भरले की ८, दाटून आले की ५.६. पण कोकणातल्या पावसात, घराच्या पडवीत असला हिशेब चालत नाही. तिथे मीटर हवेच.

मीटरला मात्र एक खोड असते आणि ती आजच्या अ‍ॅपलाही आहे. समोरचे सारे जग मधल्या राखाडी रंगाचे आहे, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवते, असे ते धरून चालते. काळ्या बुरख्यातली बाई समोर बसली की त्याला वाटते अंधार आहे. ते जास्त उजेड मागते आणि चेहरा पांढराफटक होतो. पांढऱ्या शेरवानीतल्या दुल्ह्याचे उलट. शेरवानी मळकट, चेहरा काळवंडलेला. निकाहचे असे फोटो आपल्या बहुतेकांच्या घरी असतील.

यावर उपाय म्हणजे मीटर चेहऱ्याजवळ नेणे. पण परक्या बाईच्या गालाशी यंत्र कोण नेणार? अब्बा त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरत आणि त्यावर मीटर लावत. माणूस गोरा असो की सावळा, तळव्यांच्या रंगात फारसा फरक नसतो. तळवा त्या राखाडीपेक्षा साधारण एका घराने उजळ, म्हणून अ‍ॅपर्चर एक घर जास्त उघडायचे. यात तंत्र किती आणि अदब किती, हे मला अजून सांगता येत नाही. बायकांच्या फोटोंच्या निगेटिव्ह ते ज्यांच्या त्यांच्या घरी देऊन टाकत.

गेल्या वर्षी मुलीला माझ्या फुफीचा फोटो काढायचा होता. फुफी ऐंशीच्या पुढची. पडवीत खुर्चीवर बसली, आणि मुलीने अ‍ॅपसाठी फोन समोर धरताच तिने ओढणी तोंडावर ओढली.

"त्यातून नको गो. तो सगळीकडे जातो."

"फुफीदादी, फोटो नाही काढत. नुसता उजेड मोजतेय."

हे तिला पटावे कसे? फोटो घेणारा आणि उजेड मोजणारा, दोन्ही डोळे एकच. आणि तिची भीती अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये 'सुल्ली डील्स' आणि २०२२ च्या जानेवारीत 'बुल्ली बाई' या नावांच्या अ‍ॅपवर मुस्लिम बायकांचे फोटो न विचारता उचलून लिलावाला मांडले गेले होते. फुफीला ही नावे ठाऊक नाहीत. पण कॉलेजात जाणाऱ्या तिच्या नातीने त्या दिवसांत रात्रभर बसून आपले सगळे फोटो पुसले होते, ते तिने पाहिले होते.

मी मुलीला अब्बांची रीत सांगितली. तिने पाठ वळवली, फुफीवर पडत होता त्याच उजेडात आपला तळहात धरला आणि फोन त्यावर रोखला. आकडा आला. अ‍ॅपर्चर एक घर उघडले. फोन खुर्चीखाली, फुफीच्या पायाशी ठेवून दिला. यशिकात वरून, मान खाली घालून पाहायचे असते. फुफीने ओढणी सारखी केली आणि बसली.

रोल मुंबईला धुवायला पाठवताना मुलीने सोबत चिठ्ठी लिहिली, की स्कॅन करू नका, फक्त प्रिंट द्या. फुफीने प्रिंट खिडकीपाशी नेऊन पाहिली. बरी आली आहे म्हणाली. मग हात पुढे केला.

"आणि निगेटिव्ह?"