गिरणाऱ्याच्या पुढे

नाशिकहून पश्चिमेला निघालेला कुठलाही रस्ता शेवटी चढाला लागतो. त्र्यंबकचा घ्या, पेठचा घ्या, नाहीतर गंगापूर, दुगाव, गिरणारे करत हरसूलकडे जाणारा घ्या. सह्याद्री समोर उभाच असतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आणि ब्रह्मगिरीचा माथा 1,300 च्या आसपास. मधली उंची रस्ता एका दमात चढत नाही. थोडा चढतो, ओहोळाशी उतरतो, पुन्हा चढतो. गाडीतल्या माणसाला हे जाणवतही नाही. पायांना मात्र एकेक खडी जाणवते.

मराठा विद्या प्रसारक समाजाची मॅरेथॉन जानेवारीत याच रस्त्याने धावते. 1914 साली शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवायला निघालेल्या या संस्थेने शर्यतीसाठी शेतांमधून जाणारा रस्ता निवडावा, हे मला फार शोभून दिसतं. भल्या पहाटे गंगापूर रोडवरच्या मॅरेथॉन चौकातून सुटायचं, धोंडेगाव गाठायचं, तिथून वळून आल्या वाटेने परत. छोट्या अंतरांना शाळा-कॉलेजच्या पोरांची झुंबड असते, पण 42.195 किलोमीटरच्या ‘फुल’ला उभे राहणारे मोजकेच. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये शेवटपर्यंत कुणाच्या तरी पाठीमागून धावायचं असतं. इथे गंगापूर गाव मागे पडलं की पुढचा धावक वळणापलीकडे गेलेला असतो, मागच्याचे बूट ऐकू येत नाहीत, आणि उरतो तो काळा रस्ता, कडेची बाभळ आणि आपला श्वास.

हे एकटेपण मला हवंसं वाटतं. त्याहून हवासा वाटतो तो चढ. सपाट शर्यतीत घड्याळ बोलत असतं. चढावर ते गप्प होतं. दर किलोमीटरला किती मिनिटं, हे पाठ केलेलं गणित तिथे लागू पडत नाही. पावलं आखूड करायची, नजर पायांपुढच्या दहा हातांवर ठेवायची, दंड मागे ओढायचे आणि धाप लागू न देता वर सरकायचं. असं सरकताना आपला वेग या रस्त्याने रोज पायी जाणाऱ्यांच्या वेगाला येऊन मिळतो. मग माणसं दिसू लागतात. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई शंभर-दीडशे पावलं आपल्या बरोबरीने चालते, आपल्याकडे एकदा पाहते आणि विचारते, ‘‘कुठवर जायचं, ताई?’’ धोंडेगाव म्हटलं की मान हलवते. परत यायचं म्हटल्यावर तिचे डोळे मोठे होतात. तेवढ्यात चढ संपतो, मी पुढे निघते. घाईत धावले असते तर ती मला भेटलीच नसती.

जानेवारीतली नाशिकची पहाट म्हणजे हाडं गोठवणारी थंडी. बोटं आखडतात, कानांच्या पाळ्या दुखतात. आपल्याला थंडी बोचते ती सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर. द्राक्षबागायतदाराला ती रात्रभर झोपू देत नाही. पारा फार खाली गेला की मणी तडकतात, म्हणून तो पहाटे ठिबक चालू करतो, बांधावर शेकोट्या पेटवून बागेवर धूर धरतो. दुगावच्या अलीकडे-पलीकडे हा धूर रस्त्यावर उतरलेला असतो, त्यातून धावताना घसा खवखवतो. उजाडल्यावर बागेच्या आत पाहावं. मांडवाखाली ओळीने घड लटकलेले, आणि निर्यातीच्या बागेत प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. घडात पाणी उतरायच्या वेळी ऊन लागून मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून हा पेपर लावतात. लांबून वाटतं, कुणी वर्षभराची रद्दी वेलींवर वाळत घातली आहे. जवळ गेलं की कळतं, एकेक घड कुणीतरी हातात धरून, देठाला धक्का न लावता, वळून बांधलेला आहे. एकरी हजारो घड. त्या हातांचा हिशेब कुठल्याही शर्यतीच्या हिशेबापेक्षा मोठा.

ते हात गिरणाऱ्याच्या चौकात उभे असतात. पावसाळ्याच्या शेवटी इथे टोमॅटोच्या जाळ्यांनी रस्ता भरून वाहतो. बागांच्या हंगामात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरून आलेली कोकणा, वारली, महादेव कोळी माणसं चटया, पातेली, पोरं घेऊन येतात, बागायतदार येतो, घासाघीस होते आणि पिकअप भरून टोळी बागेवर जाते. विरळणी, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग, पेपर, तोडणी. मॅरेथॉनचा धावक याच चौकातून जातो. थांबून पाहायला वेळ नसतो, पण पाण्याचं टेबल शोधताना आपोआप वेग कमी होतो. एका वर्षी बोचक्यावर बसलेल्या एका बाईने मला विचारलं, ‘‘बाई, पळायचे पैसे मिळत्यात का?’’ मी म्हणाले, ‘‘पहिल्या येणाऱ्यांना मिळतात.’’ ती शेजारणीकडे वळली आणि म्हणाली, ‘‘मंग आपल्या पोरी पळतील की.’’ त्यात थट्टा नव्हती. ती सरळ हिशेब करत होती, आणि तिचा हिशेब बरोबर होता.

गिरणाऱ्याच्या पुढे प्रदेश बदलतो. नाशिक शहरात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तो 3,000 च्या पुढे जातो. या दोन पावसांमधली सरहद्द पायांखालून जाताना कळते. लोखंडी अँगल आणि तारांच्या बागा विरळ होतात, भाताची खाचरं सुरू होतात. जानेवारीत त्यांत नुसती खुंटं उरलेली. उतारांवर नागली-वरईचे वाळलेले पट्टे. माती लालसर होते, घरं कुडाची. रस्ता आता खरा चढतो. धोंडेगावच्या बाजूला कश्यपी धरण. त्यातलं पाणी गंगापूर धरणात सोडलं जातं आणि नाशिक शहर ते पितं. त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालली. वळणबिंदूजवळ शाळेतली मुलगी दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास पुढे करते तेव्हा मला ही गोष्ट आठवते, आणि तो ग्लास अर्धा पिऊन रस्त्यावर फेकायचं धाडस होत नाही.

धोंडेगावहून हाच रस्ता तसाच पुढे धरला, वाघेरा घाट ओलांडला, की हरसूल येतं. हरसूलच्या परिसरातलं सावरपाडा हे कविता राऊतचं गाव. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे तिचं वर्तमानपत्री नाव महाराष्ट्राला पाठ आहे; तिने काय केलं ते पुन्हा सांगायला हवं. 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. या स्पर्धेत ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 10,000 मीटरचं रौप्य आणि 5,000 मीटरचं कांस्य. 2016 मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेच्या मॅरेथॉनमध्ये 2 तास 38 मिनिटं 38 सेकंदांत सुवर्ण, आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन.

तिच्याविषयी बोलताना लोक हमखास म्हणतात की लहानपणी लांबून पाणी आणायची, म्हणून एवढी काटक झाली. मला हे ऐकवत नाही. हंडा वाहून धावपटू होत असते तर या डोंगरात घरटी एक ऑलिंपिकपटू निघाला असता. याच भागात खरशेतच्या शेंद्रीपाड्यावर बायका तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन पलीकडे जात. त्यांचे फोटो छापून आले, 2022 च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल झाला आणि त्याच पावसाळ्यात तो पुरात गेला. हंड्याने माणसाची मान मोडते, गुडघे झिजतात, शाळा सुटते. कविताला घडवलं ते नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानाने, विजेंदर सिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकाने, पोटभर खाण्याने आणि रोज न चुकता केलेल्या सरावाने. त्याच नाशिकच्या सरावातून पुढे मोनिका आथरे आली, 2017 मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. चढ पायांत ताकद भरतो हे खरं. पण त्या पायांना कुणीतरी मैदानापर्यंत आणावं लागतं.

आपल्याकडच्या धावण्याची सुरुवातच अशी आहे. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यांतली माणसं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांची वेळ पाहून त्यांना ऑलिंपिकचं स्वप्न पडलं. दुसऱ्या वर्षी बेळगावचा फडेप्पा चौगुले अँटवर्पला गेला. तिथली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची होती. 2 तास 50 मिनिटांच्या थोडं पुढे तो पोहोचला, एकोणिसावा आला. कुणीतरी पाहिलं आणि पाठवलं, म्हणून तो गेला.

आणि ज्यांना कुणी पाहिलं नाही, पाठवलं नाही, ते या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतच आहेत. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते. आदल्या रात्रीपासून लोक कुशावर्त कुंडात बुडी मारून निघतात. लहान फेरी सुमारे 20 किलोमीटर, मोठी 40. मोठी फेरी म्हणजे जवळजवळ मॅरेथॉनच, तीही अंधारात, भर पावसात, चिखलातून, बहुतेकांची अनवाणी. पहिने गावाच्या बाजूला पहाट होते तेव्हा सत्तरीची आजी काठी टेकत समोर सरकत असते आणि तिच्या मागे ‘बम बम भोले’ म्हणत पोरांचं टोळकं. मी फेरी केली आहे आणि मॅरेथॉनही धावले आहे. फेरीत कुणी कुणाला मागे टाकत नाही, ही एक गोष्ट मी मॅरेथॉनमध्ये येताना बरोबर आणली. चढावर थांबलेल्या धावकाजवळून जाताना पाठीवर थाप मारल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

परतीचं अंतर जास्त अवघड. नवखा माणूस धोंडेगावला वळला की खूश होतो, कारण पुढे बराचसा उतार. पण उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच त्याला आखडून शरीर पेलावं लागतं आणि त्याचे धागे तुटतात. ते दुखणं त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. त्यात तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतली आणि यकृतातली साठवलेली साखर संपत येते. धावणारे म्हणतात, ‘वॉल लागली’. अंग एकदम जड होतं, सूर्य वर आलेला असतो, गिरणाऱ्याचा चौक रिकामा झालेला असतो. अशा वेळी छोट्या शर्यतीतली माणसं एकमेकांची होतात. एकदा निवृत्त शिक्षक असलेल्या एका काकांनी खिशातली गुळाची ढेप दातांनी फोडून अर्धी मला दिली, आणि पुढचे तीन-चार किलोमीटर आम्ही एका शब्दाने न बोलता बरोबर धावलो. सोमेश्वर जवळ आल्यावर ते म्हणाले, ‘‘तू हो पुढे, बाळ. मला इथून वाट माहीत आहे.’’

पुढे धावणारे आमच्यासारखे नसतात. बक्षिसासाठी उतरलेली बरीच मुलं-मुली गावाकडची. आदल्या दिवशी एसटीने येतात, कुणाच्या तरी खोलीवर झोपतात, मिळालेल्या पैशातून बूट आणि खुराक घेतात. आम्ही दमून-भागून पोहोचतो तेव्हा त्यांचे सत्कार आटोपून ती परतीच्या गाडीची चौकशी करत असतात. एकीला मी विचारलं, इथला चढ कसा वाटला? ती जरा गोंधळली. ‘‘कुठला चढ?’’ म्हणाली. ती पेठकडची होती.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती मी धावणाऱ्या प्रत्येकापाशी बोलून दाखवते. नाशिकमधून सुटून डोंगराकडे जाणारी शर्यत आहेच. एक शर्यत हरसूलला सुटावी. वाघेरा घाट चढून गिरणाऱ्याकडे यावी. सुरुवातीची रेघ तिथल्या शाळेच्या पटांगणात मारावी, पहाटे धावकांना नागलीची पेज द्यावी, पाण्याची टेबलं पाड्यांवरच्या बचत गटांकडे द्यावीत आणि त्याचे पैसे त्यांना रोख मिळावेत. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या आश्रमशाळांतल्या मुलींना फी लावू नये, बूट संयोजकांनी द्यावेत, आणि पहिल्या दहा जणींची राहण्याची, सरावाची सोय वर्षभर नाशिकला व्हावी. बाहेरून येणाऱ्यांनी आदल्या रात्री गावात मुक्कामाला राहावं. घाट कठीण आहे, वेळ वाईट लागेल, पण मी पहिल्याच वर्षी नाव देईन.